पोटाखालची चिठ्ठी

मी पोवळ्याचा दगड बोलतोय. अंगठीत बसतं ते लाल पोवळं वेगळं. मी पांढरा, कलिंगडाएवढा, अंगभर बारीक भोकं. गेल्या शुक्रवारी मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म समुद्रात. सुईच्या टोकाएवढ्या जिवांनी मला रचलं, वर्षाला एक थर. पाणी तापलं की थर वेगळा, निवलं की वेगळा. शंभरेक वर्षांची ऊब माझ्या पोटात आहे. मग कोणीतरी मला छिन्नीनं सुटं केलं आणि फिरत फिरत मी सोलापुरातल्या एका शाळेच्या कपाटात आलो. शाळा बंद पडली, सामान विकलं गेलं, तेव्हा मकदूमशेठनी मला उचललं.

शेठ जुन्या वस्तूंचे व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, पण अकलूजच्या माणसाला वैरागचा कंदील नवाबाचा म्हणून देतील, आणि तो माणूस पुढच्या खेपेला मेव्हण्याला घेऊन येईल! त्यांचे नियम दोनच. दुसऱ्याचं नाव चिकटलेली वस्तू दुकानात मांडायची नाही, आणि गिऱ्हाइकाला 'माहीत नाही' म्हणायचं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पोटाखाली चिकटवलेली जुनी चिठ्ठी ओल्या फडक्यानं भिजवून खरडून टाकली. मी विकायला नव्हतो, काउंटरवर शोभेला होतो. लोक विचारत, कुठला हो हा? शेठ चहा मागवत आणि तोंडाला येईल तो समुद्र सांगत. मलाही गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू?

त्यांची भाची गुलनाज समुद्राच्या अभ्यासाची नोकरी करते. गेल्या ईदला आली, तेव्हा तिनं माझी पातळ चकती कापून नेली. सोबत एक छापील फॉर्म होता. देशोदेशीच्या अभ्यासकांनी मिळून तो ठरवला होता, कारण आधी कोणी खोली फुटात लिही, कोणी मीटरमध्ये, कोणी लिहीतच नसे. फॉर्म ठरवणाऱ्यांत गुलनाजही होती. ठिकाण, खोली, साल, सगळं शेठनी एका दमात सांगितलं: लक्षद्वीप, आठ हात पाणी, एकोणऐंशी.

शुक्रवारी ती पेढे घेऊन आली. माझ्या थरांवरून दिसलं होतं की लक्षद्वीपचं पाणी एका साली कोणाला ठाऊक नव्हतं इतकं तापलं होतं. सोमवारी ही नोंद तिच्या नावानं जगभर जाणार होती.

निवृत्त पोस्टमन संघपाल तिथंच चहा पीत होते.

"लक्षद्वीप?" ते हसत म्हणाले. "मला तर रामेश्वर सांगितलंत की, शेठ. आन् शेजारच्या रावसाहेबाला अंदमान."

गुलनाजच्या हातातला पेढा हातातच राहिला. "मामू, खरं कुठलं?"

शेठ चहावाल्याला हाक मारायला वळले.

"चहा नको मामू. या नोंदीवर दुसरे लोक आपले आकडे बसवणार आहेत."

"चिठ्ठी होती," शेठ खाली बघत म्हणाले.

"काय लिहिलं होतं?"

"वाचलीच नाही बेटा. खरडली."

मी सुन्न झालो. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझा सगळा जन्म माझ्या पोटात आहे. कुठला उन्हाळा कडक होता ते माझे थर सांगतील. पण मी कुठल्या समुद्रातला, ते त्या कागदावर होतं.

गुलनाजनं पिशवीतून फॉर्म काढला. शेठनी पेन मागून घेतलं आणि तिन्ही चौकटींतलं खोडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही. मग खाली, कडेला: चिठ्ठी होती, मी काढली. मकदूम.

"सांगणाऱ्याचं नाव लिहायला यात जागाच नाही, मामू," ती म्हणाली.

"तुम्ही लोकच ठरवता ना फॉर्म? मग कर की जागा."

गुलनाजनं फोन काढला. मग नोंद मागं घेतल्याचा निरोप तिनं तिथूनच पाठवला, आणि त्याखाली नव्या चौकटीची मागणी: माहिती कोणी दिली, कशावरून?

मी अजून काउंटरवरच आहे. काल एका गिऱ्हाइकानं विचारलं, कुठला हो हा? शेठ म्हणाले, माहीत नाही. चहा मागवला नाही.

तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी. कोणालाही त्याच्या जागेवरून उचललंत, तर जागेचं नाव त्याच्याजवळ राहू द्या. मला शंभर उन्हाळे आठवतात हो. फक्त कुठले, ते विचारू नका.