डाव्या हाताची गाडी

बेकरीची पावाची गाडी ताई चालवायची, आणि त्या गाडीच्या स्टिअरिंगवर दुसऱ्या कुणाचा हात तिला खपत नसे. त्यामुळे मागच्या दारात सापडून तिचा उजवा हात चेचला, तेव्हा हात दुखण्यापेक्षा बदली ड्रायव्हर क्लचची वाट लावतोय याचंच दुःख तिला जास्त झालं.

हात बरा झाला, पण बोटं पूर्वीची राहिली नाहीत. स्टिअरिंगला तो हात साथ द्यायचा, पण दिव्यांची आणि इंडिकेटरची दांडी उजवीकडे होती आणि ती काही त्या बोटांना जुमानत नव्हती. ती बटणं डावीकडे आणा, म्हणून ताई गॅरेजमध्ये गेली. गॅरेजवाल्याने वाकून आतल्या तारा पाहिल्या आणि मान हलवली. "अख्खा जुडगा सोलावा लागेल. मी नाही हात घालणार."

"मी घालते," ताईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा चिमी म्हणाली.

चिमी म्हणजे ताईची धाकटी बहीण. लहानपणी आवाज बारीक होता म्हणून पडलेलं नाव पन्नाशी जवळ आली तरी सुटलं नव्हतं. गाड्यांच्या अंगातून फिरणारे तारांचे जुडगे, म्हणजे हार्नेस, बनवणाऱ्या कारखान्यात तिची अर्धी हयात गेली होती.

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, हसले. "अगं, तिथे तुला सगळं ताटात वाढून मिळतं. तार किती जाड, पक्कड कुठली, सगळं ठरवून ठेवलेलं. इथे कोण ठरवणार?"

चिमीला हे लागलं, कारण ते खरं होतं.

सुट्टीच्या दिवशी दोघी बहिणी गाड्यांचं विजेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेल्या. दुकानदाराने स्वस्तातली एक पक्कड पुढे सरकवली. चिमीने तारेचा तुकडा मागितला, टोक सोललं, त्यावर टर्मिनल, म्हणजे टोकाला लागणारी धातूची टोपी, दाबून बसवलं आणि ओढलं. तार अलगद बाहेर आली.

"दुसरी दाखवा, काका."

दुसरीची तीच गत. तिसरी जड होती. एकदा दाबायला घेतली की शेवटपर्यंत दाबल्याशिवाय तोंड उघडायची नाही. चिमीने टर्मिनल उजेडात धरून पाहिलं. एक पकड नुसत्या तांब्यावर, दुसरी वरच्या आवरणावर, दोन्ही जिथल्या तिथे. तिने एक टोक ताईच्या डाव्या हातात दिलं आणि दोघींनी दात-ओठ खाऊन ओढलं. तार हलली नाही.

"पक्कड घ्यायला आलात की रस्सीखेच खेळायला?" दुकानदार म्हणाला. पण गडी नंतर रंगात आला. चिमीने फोनमध्ये दांडीच्या कपलरचा, म्हणजे तारा एकमेकींत अडकवणाऱ्या जोडाचा, फोटो दाखवला, तर शिडीवर चढून त्याने तसाच कपलर आणि त्यात बसणारा जोडीदार, दोन्ही शोधून दिले. मूळ हार्नेसला कातर लावायचीच नाही, असं चिमीने ठरवलं होतं. मूळ कपलर सोडवायचा, मध्ये आपला नवा जोड बसवायचा, आणि त्यातून डावीकडच्या बटणांना फाटे काढायचे. उद्या कुणाला नको झालं तर काढून ठेवता यावं. तारांचे रंगही तिने मुळातलेच घेतले.

"सगळ्या काळ्या घे की, मळ दिसत नाही," ताई म्हणाली.

"उद्या दुसऱ्याने उघडलं तर त्याने काय माझ्या नावाने बोटं मोडायची?"

टेपची वेळ आली तेव्हा दुकानदाराने नेहमीची चकचकीत पट्टी काढली. चिमीने ती परत केली; उन्हात तापली की गोंद पाझरतो आणि सगळं चिकट होतं. तिने कापडी टेप घेतली, गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळ्या घेतल्या, आणि एक फ्यूजची डबी. काउंटरवर सामान मांडलं गेलं, तसं तिच्या लक्षात आलं की हे सगळं आपण निवडलंय. इतकी वर्षं हात तिचे होते, पण निवड कायम दुसऱ्याची. तिला आपलं उगाच उंच झाल्यासारखं वाटलं.

भाऊजींच्या फडताळाची एक फळी तिने मागच्या अंगणात आणली, तीत खिळे ठोकले आणि त्यांच्यामधून तारा ओढल्या. ताई खुर्ची टाकून समोर बसली आणि कुणी मागितलेले नसताना सल्ले देत राहिली. संध्याकाळपर्यंत जोड तयार झाला. टेपचे वेढे असे एकसारखे की भाऊजींनीही बोट फिरवून पाहिलं. गाडीत बसवला. डाव्या अंगठ्याने ताईने बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर दिव्यांचा उजेड पडला.

"झालं की गं," ताई म्हणाली.

चिमी तारेवर हात ठेवून बसली. दिवे बराच वेळ चालू ठेवले, तशी तार हळूहळू कोमट लागायला लागली, मग चांगलीच गरम. इंडिकेटरला ही तार ठीक होती. मोठ्या दिव्यांना बारीक पडत होती. आणि ती तिनेच निवडली होती.

"थोडी गरम होते, तर होऊ दे. दिवे लागतायत ना?"

"आज लागतायत."

चिमीने पूर्ण जोड बाहेर काढला आणि ते एकसारखे वेढे स्वतःच्या हाताने चिरले. भाऊजी हळहळले. तिलाही वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर ती एकटीच दुकानात गेली आणि जाड तार मागितली. दुकानदार म्हणाला, "काल बारीक नेली होती ना?"

"चुकलं माझं," ती म्हणाली, आणि तारेबरोबर त्या जाडीला बसणारी टर्मिनलंही न विसरता घेतली.

या खेपेला दिवे तासभर जळले तरी तार गार राहिली. भाऊजींनी दोनदा हात लावून पाहिला. मग म्हणाले, "चिमे, ताट तर तू स्वतःच वाढून घेतलंस," आणि फळी परत मागायचं विसरून घरात गेले.

गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने बटणं दाबून पाहिली, खाली वाकून टॉर्च मारला, काही प्रश्न विचारले, आणि गाडी रस्त्यावर आणायची परवानगी दिली. दुसऱ्या सकाळी ताई स्टिअरिंगवर बसली. शेजारी चिमी. पहिल्या वळणावर डावा अंगठा बटणावर गेला, इंडिकेटर टकटकला, आणि ताईने गाडी अशी वळवली की मागे पावाचा एकही ट्रे हलला नाही.

ताई जन्मात कुणाचं कौतुक करणारी नव्हती. पण बेकरीच्या आवारात गाडी लावताच ती उतरली, स्टिअरिंगखालचं झाकण तिने आधीच सैल करून ठेवलं होतं ते काढलं, आणि भट्टीवाल्याला हाक मारली. "ये इकडे. वाक. वेढे बघ, एक तरी इकडचा तिकडे आहे का?" मग पॅकिंगवाल्या बायकांना. मग मालकालाही.

"ताई, झाकण लाव," चिमी लाजून म्हणाली. "धूळ जाईल आत."

"जाईल तेव्हा पुसू. अजून गेटवरच्या वॉचमनला दाखवायचंय."

चिमी गाडीतच बसून राहिली. बाहेर लोक एकामागून एक वाकत होते, आणि प्रत्येकाला ताई पहिल्यापासून सांगत होती, की ही पक्कड, ही तार, हे रंग, सगळं तिने स्वतः निवडलं, आणि एकदा चुकली तर स्वतःच चिरून पुन्हा केलं. चिमीला ते ऐकून संकोच वाटत होता. पण तिने खिडकीची काच काही वर केली नाही.