नवं येईपर्यंत

चन्नप्पानं विभूतीच्या खड्यावर तीन बोटं घासली आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर, वरच्या जाळीवरून, तीन पट्टे ओढले. मग तळहात डब्याच्या बाजूला लावून तो तसाच उभा राहिला. डबा कालच्यापेक्षा गरम होता. आतला पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. थांबला तेवढा वेळ चन्नप्पानंही श्वास घेतला नाही.

त्याची बायको राजेश्वरी जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून त्यानं हा कॉम्प्युटर एकदाही बंद केला नव्हता. बंद केला आणि परत लागलाच नाही तर? लाइट गेली की हातातलं ताट ठेवून तो इन्व्हर्टरपाशी जाऊन उभा राहायचा.

त्या डब्यात तिची एकोणीस वर्षं होती. चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं ती करायची. पडद्यावर चौकटी असत, एक चौकट म्हणजे एक धागा, आणि एकेक चौकट भरत तिनं मोर केले, कमळं केली, कडा केल्या. चन्नप्पा ती कारखान्यांत पोचवायचा. त्याला स्वतःला फक्त फाइल उघडून दाखवता येत होती.

हा कॉम्प्युटर थकलाय, हे तिनंच आधी ओळखलं होतं. नव्या पिढीचे प्रोसेसर येणार होते. त्यांची मेमरीही वेगळी, जुन्या बोर्डावर ती बसणार नव्हती. आता एखादा तुकडा बदलून उपयोग नाही, नवं आलं की सगळं एकदम घ्यायचं, असं तिचं ठरलं होतं. लेकीला स्थळ बघावं तशी ती मोबाइलवर त्याच्या बातम्या वाचायची. चन्नप्पानं घाई केली की कानडीत म्हणायची, "तडीरी." थांबा. "नवं येतंय की."

पोटात दुखायला लागलं तेव्हाही ती तेच म्हणाली होती. तडीरी, एवढी ऑर्डर जाऊ द्या. आणि चन्नप्पा थांबला होता.

अकराच्या सुमारास मानसिंग आला. शुक्रवार पेठेतले निम्मे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा.

"काय म्हणतोय पेशंट?" चप्पल काढता काढता त्यानं विचारलं.

चन्नप्पा हसला नाही. मानसिंगनं पिशवी खाली ठेवली.

"नवं कवा येतंय, मानसिंग?"

"येतंय की. दिवाळीच्या आत म्हणतेत. सोलापुरात पोचायला आनखी दोन महिने धरा. मेमरीचं तर विचारूच नका काका. नवी आली न्हाय आणि जुनी मिळंना."

"तवर हा टिकंल?"

"उघडल्याबिगर कसं सांगू? झाकलेल्या पातेल्याकडं बघून आमटी आंबली का विचारताय."

"उघडायचं म्हणजे बंद करावा लागंल."

"मग? चालू ठिवून हात घालू व्हय आत?"

"बंद न्हाय करायचा."

"आवो, मग मी काय भायेरनं आरती करू?" मानसिंगनं कपाळाला हात लावला. "बरं, ऱ्हायलं. निदान सगळं डिस्कवर काढून घिऊ द्या. मागच्या बारीलाबी म्हणलं तर अंगावर आलात."

चन्नप्पा गळ्यातल्या टॉवेलाच्या टोकानं कीबोर्ड पुसू लागला. "माणूस जित्तं असताना त्याचं सामान बांधतंय का कुणी?"

मानसिंग काही बोलणार, एवढ्यात पंखा थांबला. चन्नप्पा वाट बघत राहिला. पंखा पुन्हा लागला नाही. पडदा काळा झाला आणि डब्यावरचा निळा दिवा विझला.

खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. मागच्या बोळातल्या यंत्रमागांचा खडखडाट आत येत होता. इतके दिवस तो त्याला कधी ऐकू आला नव्हता. त्यानं खुर्चीची पाठ धरली आणि सोडली. तो खाली फरशीवरच बसला.

"गेला," तो म्हणाला.

"गेला न्हाय, तापलाय. लई तापला की आपुआप थांबतोय." मानसिंगनं वायर काढली. "आता तर उघडू?"

चन्नप्पानं मान हलवली. त्यातून हो की नाही ते कळत नव्हतं. मानसिंगनं स्क्रू काढले.

बाजूचा पत्रा निघाला. मग त्यानं आत बोट फिरवून उजेडात धरलं. बोट पांढरं झालं होतं.

"काका, ह्यात राख कुटनं आली?"

चन्नप्पा उठून जवळ आला. पंख्याची पाती जाड झाली होती. त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांच्या फटी बुजल्या होत्या, भिंतीतली भोकं चुन्यानं बुजवावीत तशा. मानसिंगनं वर जाळीकडं बघितलं. सकाळचे तीन पट्टे अजून ताजे होते.

"रोज लावता व्हय?"

"रोज."

"काकू लावायच्या?"

"खंडेनवमीला. वरसातनं एकदा. म्होरल्या बाजूला, वल्लं बोट करून." चन्नप्पानं जाळीवरून बोट फिरवलं. "मला वाटलं, रोज लावलं तर..."

मानसिंगनं रंगाचा ब्रश काढला. चन्नप्पानं खाली पेपर धरला. राख पडत राहिली. मग मानसिंगनं मेमरीच्या पट्ट्या उपसल्या आणि त्यांचे पिवळे दात शाळेच्या खोडरबरानं घासले. त्याला अर्धा तास लागला.

"प्रोसेसरला काय झाल्यालं न्हाय," तो म्हणाला. "मेमरीबी चांगली हाय. नवं आलं तर घ्या, न्हायतर ह्योच अजून दोन वर्सं वडतोय."

चन्नप्पा पेपरची घडी घालत होता. "आदीच उघडला असता तर?"

"आदी उघडला असता तर एवढा तापलाच नसता की." मानसिंगचं लक्ष स्क्रूकडं होतं. शेवटचा स्क्रू बसवून त्यानं वर बघितलं. चन्नप्पा बोटं विजारीला पुसत होता. बोटं कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होता.

मानसिंगनं वायर लावली आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. चन्नप्पानं डोळे मिटून घेतले.

"बघा की काका."

पडदा उजळला होता. पंखा फिरत होता, पण आवाज येत नव्हता. चन्नप्पानं कान जवळ नेऊन खात्री केली.

मानसिंग ब्रश पिशवीत टाकून उठला. "येऊ मग?"

"डिस्क हाय का तुझ्याजवळ?"

मानसिंगनं पिशवीच्या तळातून काड्यापेटीएवढी डिस्क काढली आणि जोडली. पडद्यावर हिरवी रेघ सरकायला लागली. तिच्याखाली फाइलींची नावं पळू लागली.

"जेवायलाच थांब," चन्नप्पा म्हणाला. "सांज हुईल न्हवं?"

"सांज कशाला? अकरा मिन्टं दावतंय."

"सगळं?"

"सगळं."

चन्नप्पानं खुर्ची पुढं ओढली. नावं तिनं दिलेली होती. एक वाचेपर्यंत चार निघून जात होती. तो ओठ हलवत, नावावर बोट ठेवत वाचायला बघत होता, आणि बोट दर वेळी मागं पडत होतं.

"जरा हळू करता येतंय का, मानसिंग?"

"न्हाय, काका. ते त्याच्या चालीनं जातंय."

चन्नप्पानं चष्मा काढला, टॉवेलाला पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात सात मिनिटं राहिली होती.