एकसंध पत्र्याचं कॅबिनेट

इंदूरच्या मराठी माणसाला नाही म्हणता येत नाही. मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे न पटलेली गोष्ट तोंडावर सांगतात आणि मग चहा विचारतात. इथे लग्न होऊन आले तर सासरचा प्रत्येक जण ज्याला त्याला 'हो जाएगा' म्हणून मोकळा. आमचे हे, देवेंद्र, त्यात सगळ्यांच्या वरताण. सांवेर रोडला यांचा पत्र्याच्या पेट्यांचा छोटा कारखाना आहे, मीटरच्या आणि स्विचबोर्डाच्या पेट्यांचा. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं तरी हे मान डोलावणार आणि घरी येऊन माझ्यासमोर डोकं धरून बसणार. पेट्यांपुरतं ते निभावून गेलं. अनुश्रीच्या वेळी नाही निभावलं. त्याचा राग मला अजून येतो, फक्त तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

अनुश्री माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती लहानपणापासून अर्धी आमच्याकडेच वाढली. पुण्याला प्रॉडक्ट डिझाइन शिकली आणि बेंगळुरूची नोकरी पक्की करूनच परत आली. रुजू व्हायला अवकाश होता, म्हणून कारखान्यात येऊन बसायची. एकदा ऑफिसातला काँप्युटर सारखा बंद पडतो म्हणून तिने उघडला आणि आत बघून नाक मुरडलं.

"काका, हे कॅबिनेट आहे की कबाडखाना? वायरींचं जंगल झालंय नुसतं. हवेला जायला जगहच नाही, गरम नाही होणार तर काय!"

"मग तू चांगलं बनव," हे हसत म्हणाले. "पत्रा आपला, मशीन आपलं."

ते गमतीत बोलले, पण पोरीने मनावर घेतलं. कागदावर कागद काढत बसली. शेवटी तिने जे ठरवलं ते मलासुद्धा समजलं, म्हणजे बघा. कॅबिनेटच्या मधल्या पत्र्याच्या कडेने वरपासून खालपर्यंत एक अरुंद, खोल नाली. सगळ्या वायरी मागच्या बाजूने त्या नालीत उतरणार, वरून झाकण बसणार. समोरच्या काचेतून पाहिलं तर एक वायर दिसायची नाही आणि हवा मोकळी खेळणार.

"पूर्ण नाली एकाच पत्र्याची हवी, काका. जोड नको. बेंड होईल ना?"

"अरे बेटा, काय बात करतेस. हो जाएगा."

जेल रोडवर काँप्युटर जोडून विकणारा विजय यांच्या जुन्या ओळखीचा. त्याने सांगितलं, एक नमुना दाखवा, पसंत पडला तर माझ्याकडचा प्रत्येक काँप्युटर तुमच्याच कॅबिनेटात जाईल. त्या दिवशी जेवताना अनुश्री म्हणाली, "काकू, विजयभियाने हो म्हटलं ना, तर मी बेंगळुरू कॅन्सल करते. इथेच राहते." मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं. इतकी वर्षं जे मागायची हिंमत झाली नाही, ते पोर आपणहून ताटात वाढत होती. दुसऱ्याच दिवशी मी वरची खोली झाडायला घेतली.

आता मशीनचं सांगते. आमचं पत्रा वाकवायचं मशीन जुनं आहे. अरुंद नालीची एक बाजू वाकवली की दुसरी वाकवताना पहिली उभी बाजू वर मशीनलाच जाऊन अडते. बाजू बुटकी असेल तर अडत नाही. म्हणजे नाली उथळ असेल तर होते, खोल असेल तर होत नाही. हे यांना पहिल्याच पत्र्याला कळलं. पुतणी ऑफिसात बसलेली, मध्ये एक दार. उठून सांगायचं, 'बाळा, आपल्या मशीनवर हे होत नाही.' पण नाही. यांनी नालीच्या दोन्ही बाजू कापून बुटक्या केल्या. वायरी काय, मऊ असतात, दाबून बसतील, असं स्वतःलाच समजावलं. वर काळं पावडर कोटिंग करून घेतलं आणि नमुना गाडीत घालून आधी खजरान्याला गणपतीच्या पायांशी नेऊन आणला. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळतं तर मी साताऱ्याचं पाणी दाखवलं असतं.

विजय आला त्या दिवशी मी मुद्दाम कारखान्यात गेले होते. कॅबिनेट खरंच देखणं झालं होतं. विजयने आपल्या हाताने एकेक भाग बसवला, कौतुक करत करत. मग वायरी नालीत उतरवू लागला. बारीक वायरी गेल्या. जाड वायर आली तशी नाली भरली. त्याने झाकण लावलं, ते एका बाजूने उचललं. तळहाताने दाबलं, ते दुसऱ्या बाजूने उचललं. जोर लावला तर खटकन झाकण उडालं आणि सगळ्या वायरी बाहेर येऊन लोंबायला लागल्या.

"अरे भिया," विजय म्हणाला, "ये तो फिर वोई हो गया."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्याला दुकानासाठी माल लवकर हवा होता आणि दुसऱ्या एकाची कॅबिनेटं तो आधीच बघून आला होता. यांच्या चेहऱ्याचा रंग गेला, त्यावरून यांनीच काहीतरी करून ठेवलंय हे मी ओळखलं. आता बोलतील, मी वाट बघत होते. एवढ्यात अनुश्री म्हणाली, "सॉरी विजयभिया, माझं माप चुकलं." हे खाली बघत राहिले. लेकरू सगळ्यांदेखत चूक अंगावर घेतंय आणि माझा नवरा जमिनीकडे बघतोय! त्या क्षणी मला त्यांची शरम वाटली.

विजय गेला तो गेलाच. बेंगळुरूचं तिकीट निघालं. घरी आल्यावर यांनी मला सगळं सांगितलं आणि लहान मुलासारखे रडले. "तिला सांगू नकोस," म्हणाले. मी कबूल केलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी अनुश्री स्वयंपाकघरात माझ्याशेजारी शेंगा सोलत बसली होती, तेव्हा मी सांगून टाकलं.

"तुझं माप चुकलं नव्हतं. काकांनी नाली उथळ केली."

तिचा हात थांबलाही नाही. "मला माहीत आहे, काकू."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी सकाळी. विजयभिया यायच्या आधी मी नालीत बोट घातलं, तर लगेच तळ लागला."

"मग बोलली का नाहीस? त्याला उद्या ये म्हणता आलं असतं!"

"काका शेजारीच उभे होते. फडक्याने काच पुसत होते. इतके खूश होते, काकू. त्यांच्या मशीनवर होत नाही, हे त्यांना मी कसं सांगणार?" मग पुढची शेंग उचलत म्हणाली, "दोन तुकडे करून जोडले असते तरी चाललं असतं. मला जोड चालत होता. काकांचं वेल्डिंगचं काम वाचावं म्हणून मी एकसंध म्हटलं."

मी शेंगांचं ताट बाजूला सारलं. मला दोघांच्याही कानाखाली एकेक ठेवून द्यावीशी वाटली, आणि दोघांना पोटाशी धरावंसंही वाटलं. यांनी तिचं मन राखलं, तिने यांचं राखलं, आणि राखता राखता पोर बेंगळुरूला चालली. दोघांतल्या एकानेही भीड मोडली असती तर ती आज वरच्या खोलीत असती.

"काकांना नका सांगू हं," ती म्हणाली. "मला आधीच माहीत होतं, हे कळलं तर त्यांना जास्त लागेल. शपथ आहे माझी."

तिला जाऊन आता बरेच दिवस झाले. फोन येतो, हवापाण्याचं बोलणं होतं. हे अलीकडे कारखान्यातून लवकर येतात आणि ओट्याशी येऊन उभे राहतात. काल असेच उभे होते. मग म्हणाले, "वसुंधरा, ती अजून स्वतःलाच दोष देत असेल का गं?"

मी आमटीला उकळी आणत होते. तोंडापर्यंत आलेलं सगळं गिळलं.

"जेवायला बसा," मी म्हटलं, आणि पान वाढलं.