चिमटीतलं माप

वायरमनला सगळे चिमटीमास्तर म्हणत. वायर चिमटीत फिरवायची, डोळे मिटायचे आणि तिचं माप सांगायचं, ही त्यांची ख्याती. वायरीवर छापलेला आकडा वाचणं त्यांना पोटच्या पोराला नाव विचारण्यासारखं वाटे. शिवाय वाचायला चष्मा लागला असता, आणि ही गोष्ट त्यांनी अजून स्वतःलासुद्धा कळवली नव्हती.

लेकीच्या ऑफिसातलं वायरिंग बदलायचं काम तिच्याच शब्दावर मिळालं होतं. एसीच्या लाइनला चार एमएमची वायर हवी होती. दुकानात मास्तरांनी एक गुंडाळी चिमटीत धरली. "ही चारची."

"बाबा, आकडा बघू का?"

"बघ की. उद्यापासून शिडीवरही तूच चढ. मी तुझ्या खुर्चीत बसतो."

दुकानदार हसला. लेकीने पुढे केलेला हात मागे घेतला.

चौथ्या दिवशी काम संपत आलं. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "यांना माप बघावं लागत नाही बरं का." मास्तर एसीपाशी शेवटचं टोक सोलत होते. वरचं आवरण चांगलं गलेलठ्ठ, आत तांबं मात्र काडीएवढं. कोट चाचपून माणसाचं वजन सांगावं, तसं झालं होतं. वायर हातभर लांब धरून त्यांनी आकडा वाचला. अडीच.

एसी आज चालला असता, उद्याही. पुढे कधीतरी वायर तापून भिंतीत जळली असती, आणि त्याच भिंतीला टेकून लेकीचं टेबल होतं.

मास्तर खाली उतरले. "साहेब, वायर बारीक पडली. सगळी काढावी लागेल."

"दुकानदारानं चुकीची दिली असेल," लेक घाईने म्हणाली. ती जन्मात खोटं बोलली नव्हती. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाही. ही आकडा बघू म्हणत होती. मीच बघू दिला नाही."

मेन स्विच बंद झाला, पंखे थांबले. भर कामाच्या वेळी मास्तर नळीतून वायर ओढू लागले आणि ती काही संपेना. लोक फायलींनी वारा घेत मोठ्या अदबीने दुसरीकडे बघत होते. लेक मात्र येऊन त्यांच्याच घामेजल्या मानेवर फाइल हलवू लागली.

"जा, तुझं काम कर," मास्तर वर न बघता म्हणाले.

"लाइट नाही, बाबा. काम कसलं?"