कंसाबाहेरचा ए

“मोठा एफ की छोटा?” लेखनिकबाईंनी पुन्हा विचारलं.

“एस आला की मोठा, टी आला की छोटा. किती वेळा सांगू?”

“हळू बोला,” पर्यवेक्षक दारातून म्हणाले.

ऑपरेटरबाईंनी आवाज खाली आणला. त्यांच्या डोळ्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पण वीज कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी उभी हयात काढली होती. ‘हॅलो’ ऐकलं की माणूस ओळखायच्या. मग फोन आपोआप लागायला लागले, बोर्ड निघाला आणि त्यांची खुर्ची जिन्याखाली गेली. “डिग्री असती तर तांत्रिक विभागात घेतलं असतं,” साहेब म्हणाले. बोलायचं म्हणून बोलले ते. बाईंनी मनावर घेतलं. बाकीचे विषय सुटले, गणित राहत गेलं. आजचा पेपर ही शेवटची संधी. सकाळी सोडायला आलेला धाकटा भाऊ म्हणाला होता, “ताई, या वयात कशाला जिवाला घोर लावून घेतेस?”

खरं तर लाप्लासचं रूपांतर त्यांना मनापासून आवडायचं. काळाबरोबर, म्हणजे टीबरोबर, बदलणारं किचकट समीकरण एसच्या मुलखात न्यायचं, तिथे ते शाळेतल्या बीजगणितासारखं सुटतं. मग उत्तर पुन्हा काळात आणायचं. नियम मोजके, सगळं डोक्यात मावणारं. घोडं अडायचं ते कागदावर: त्यांनी सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. लेखनिकाला विषय येता कामा नये, असा नियम. ठरलेली मुलगी आजारी पडली आणि ऐनवेळी शिवणवर्ग चालवणाऱ्या या बाई आल्या. स्वभावानं भल्या; पण दर ओळीला अडत होत्या.

“लिहिलंत? वाचा.”

“एफ ऑफ एस मायनस ए.”

“बरोबर. पुढे.”

असे तीन प्रश्न झाले. चौथ्याला लेखनिकबाई पेन थांबवून म्हणाल्या, “एक विचारू? हा बिचारा ए नेहमी कंसाच्या बाहेरच का राहतो?”

ऑपरेटरबाई त्यांच्याकडे वळल्या. “बाहेर? कंस कुठे संपवलात?”

“एस झाला की. तुम्ही तसंच तर म्हणालात.”

तसंच म्हणाल्या होत्या. ए कंसात असो वा बाहेर, कानाला दोन्ही सारखंच. एसमधून वजा व्हायचा ए सगळीकडे अख्ख्या एफमधून वजा झाला होता.

“अहो, तो आत हवा! सगळीकडे आत!”

“मला काय ठाऊक, बाई? मला गळा नि बाही कळते.”

“सर, लिहिताना चूक झालीय. थोडा वेळ वाढवून द्या.”

“जादा वेळ तुम्हाला आधीच दिलाय,” पर्यवेक्षक म्हणाले. “नियम आहे.”

नियम! ऑपरेटरबाईंना वाटलं, बाक उचलून आपटावा. शेवटचा प्रश्न विजेच्या सर्किटचा होता: बटण दाबल्यापासून प्रवाह कसा वाढत जाईल? लेखनिकबाई अडखळत लिहीत होत्या तेवढ्यात ऑपरेटरबाईंनी तो मनातल्या मनात सोडवूनही टाकला होता. पण मागचं दुरुस्त केल्याशिवाय एकट्या त्याच्यावर पास होता येत नव्हतं. आणि तो सोडून नुसत्या मागच्यावरही नाही.

“मागे चला,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून. खोडा. कंस ए झाल्यावर.”

पानं उलटत गेली. लेखनिकबाई आता कुठेही न अडता भराभर लिहीत होत्या. शेवटच्या प्रश्नाची पहिली ओळ उतरली आणि घंटा झाली.

“द्या पेपर.”

“सर, उत्तर तयार आहे, दोन ओळी—”

“बाई, द्या.”

कागद सरकल्याचा आवाज आला. पावलं पुढच्या बाकाकडे गेली.

“माझ्यामुळे झालं हो,” लेखनिकबाई पुटपुटल्या.

ऑपरेटरबाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं झोंबणारं. काठी शोधायला त्यांनी बाकावरून हात फिरवला, तो त्या बाईंच्या मुठीवर पडला. मूठ दगडासारखी आवळलेली होती. पेन अजून आतच, बोटं उघडतच नव्हती.

ऑपरेटरबाईंनी काठी राहू दिली. ती मूठ स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली, पेन हळूच काढलं आणि अंगठ्यानं चोळत चोळत एकेक बोट सरळ करायला लागल्या. वर्ग रिकामा होत गेला. शिपाई खिडक्या लावत जवळ आला, दोघींकडे पाहून थबकला आणि त्यांच्याजवळची एक खिडकी तशीच उघडी ठेवून पुढे गेला.