चेक कॉलेजच्या नावाने

वर्ना सबोलच्या हाताखाली काम करायचं म्हणजे बोलणी खायची तयारी ठेवूनच यायचं.

"स्टेला, ही पिरोही आहे की उशी? एवढं सारण कोंबलंस तर पाण्यात फुटेल. मग गिऱ्हाइकाला काय, सूप विकायचं?"

"फुटली तर मी खाईन," स्टेला झुर्को म्हणायची. "तुला कशाला एवढा पुळका?"

"तू खाशील हे ठाऊक आहे गं. कमरेकडे बघितलं की कळतंच."

ब्रॅनक या खाणगावातल्या चर्चखालच्या तळघरात दर गुरुवारी सकाळी हे असं चालायचं. कुणी पारी लाटायचं, कुणी बटाटा-चीजचं सारण भरायचं, आणि मुरड घालायला वर्ना आणि स्टेला. करंजीसारखीच मुरड, पण तळायचं नाव नाही. उकळत्या पाण्यातून काढायची आणि वर लोण्यात परतलेला कांदा. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी तर लोकांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. खाण बंद पडली, शाळा दुसऱ्या गावातल्या शाळेत मिसळली, बँकेनं दार लावलं, पण पिरोही काही थांबली नाही.

पैसे जायचे रॉनीच्या नावानं. रॉनी वर्नाचा एकुलता एक मुलगा. खाणीत छत खाली आलं त्यात गेला. येत्या हिवाळ्यात खाण सोडून कॉलेजात जाणार होता, नावसुद्धा घातलं होतं. कंपनीनं एक फुलांचं चक्र पाठवलं आणि त्यावर नाव लिहिलं ते डोनी. वर्नानं ते चक्र स्मशानाच्या फाटकाबाहेर नेऊन टाकलं आणि पुढच्या वर्षीपासून बायकांना घेऊन पिरोही करायला लागली. गावातलं एक पोर दर वर्षी कॉलेजात धाडायचं, रॉनीच्या नावानं.

पहिल्या काही वर्षांत पैसे पोराच्या हातात द्यायचे. मग गॅरी मोहोर्काच्या थोरल्यानं त्यातून जुना ट्रक घेतला आणि कॉलेजात पाऊलसुद्धा ठेवलं नाही. चर्चसमोरूनच भोंगा वाजवत जायचा मेला! त्या दिवशी वर्नानं नियम केला: यापुढे चेक फाडायचा तो कॉलेजच्या नावाने. पोराच्या हाताला पैसा लागायचा नाही. बायकांनी मान डोलावली. वर्नाच्या नियमापुढे फादरचीही मान डोलायची.

यंदाचं पोर म्हणजे डार्सी कॉपचाक. तिची आई जनीन म्हाताऱ्यांच्या आश्रमात हगणंमुतणं काढायची. बाप टेक्सासला कामाला गेला तो गेलाच. गावामागचा ओढा जुन्या खाणीच्या पाण्यानं केशरी वाहतो. सगळ्यांना वाटायचं ओढ्याचा रंगच तो. ही पोरगी लहानपणी बाटल्यांमधून ते पाणी भरून खिडकीत ओळीनं मांडायची. आता तिला तेच शिकायचं होतं, पाणी कसं साफ करतात ते. डोंगरापलीकडच्या एका चांगल्या कॉलेजनं तिला घेतलं, वर बरीचशी मदतही देऊ केली. कमी पडत होते साडेचार हजार डॉलर.

"आपण कधी एवढे दिलेले नाहीत," स्टेला म्हणाली.

"मग यंदा देऊ," वर्ना म्हणाली. "हात आहेत ना?"

हात होते, पण कसले! स्टेलाची बोटं सांध्यांशी सुजलेली, वर्नाचा अंगठा सकाळी वाकायचाच नाही. गरम पाण्यात धरून बसावं लागे. तरी त्या हिवाळ्यात बायका गुरुवारबरोबर सोमवारीही आल्या. गोठवलेल्या पिशव्या शेजारच्या गावांत विकल्या, फुटबॉलच्या सामन्यांना टेबलं मांडून कुडकुडत उभ्या राहिल्या. वसंत आला तेव्हा पैसे जमले होते.

त्या वेळी जनीन वर्नाला एका बाजूला घेऊन म्हणाली होती, "तेता, यंदा चेक माझ्या नावानं दिलास तर? मीच भरेन कॉलेजात." गावात थोरल्या बाईला तेताच म्हणतात, मावशी म्हणा की आत्या म्हणा.

"का गं?"

"कामावर एकजण म्हणत होती, बाहेरचे पैसे कळले की कॉलेजं काहीतरी कापाकापी करतात म्हणून."

पलीकडून स्टेला फिस्सकन हसली. "जनीन ट्रक घेतेय वाटतं!"

जनीनचा चेहरा लाल झाला. वर्नानं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण म्हणाली ते हेच: "नियम म्हणजे नियम, पोरी. आपला पैसा घामाचा आहे. तो लपवायचा कशाला?" मे महिन्यात तळघरात टेबलाएवढा पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढला. गावच्या पेपरात छापून आला. स्टेला डोळे पुसत होती आणि रडतेय का म्हटलं तर कांद्याला शिव्या देत होती.

जुलैत एका दुपारी डार्सी वर्नाच्या ओसरीत आली. हातात फोन.

"तेता, मला नीट कळत नाहीये. तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं? सांग तू."

"हे आपले साडेचार हजार. पोचले, इथं दिसतात." तिनं बोट खाली सरकवलं. "आणि ही कॉलेजची स्वतःची मदत. ती साडेचार हजारांनी कमी झालीय."

"आणि भरायचे किती?"

"होते तेवढेच."

वर्नानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. "चूक असणार. बसवत असतील तिथं कुणातरी शिकाऊ पोराला. चल, आईला म्हणावं सुट्टी काढ. समोर जाऊनच विचारू."

गेल्या तिघी, जनीनच्या गाडीतून. वर्नानं चर्चचा निळा झगा घातला होता आणि मांडीवर पिरोहीचा डबा. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, अशी वाढली होती ती. कॉलेज देखणं होतं, हे खोटं कशाला बोला. हिरवळ अशी की त्यावर पाय ठेवायला लाज वाटावी.

मदतीच्या ऑफिसातला माणूस तरणाबांड, गोड बोलणारा. व्हिटली नाव. त्यानं डबा घेतला, "माझी आवडती!" म्हणाला, खुर्च्या सरकवल्या. मग पडद्याकडे बघून हसला.

"चांगली गोष्ट अशी की तुमच्या घरच्यांचा वाटा अजिबात वाढलेला नाही."

"वाढायला काय झालं?" वर्ना म्हणाली. "तो कमी करायलाच तर आम्ही हिवाळाभर राबलो."

"त्याचं असं आहे मॅडम, प्रत्येक विद्यार्थ्याची गरज आम्ही ठरवतो. बाहेरून मदत आली की गरज तेवढी कमी होते. मग आमची मदत आम्ही तेवढी कमी करतो. सगळ्यांना एकच नियम."

"हिची गरज कमी झाली? हिच्या आईला विचारा की, ही बसलीय. जनीन, तुझी गरज कमी झाली का गं?"

जनीन मांडीवरच्या पाकिटाची चेन उघडत मिटत राहिली.

"फीत आणि तुमच्या मदतीत साडेचार हजारांचं भोक होतं," वर्ना म्हणाली. "ते बुजवायला आम्ही पैसे दिले. मग भोक तिथंच कसं?"

"ते भोक नाही मॅडम. तो कुटुंबाचा अपेक्षित वाटा आहे."

"अपेक्षित! कुणी अपेक्षिलाय?"

"सूत्र असतं त्याचं."

"मग आमचे पैसे गेले कुठं?"

व्हिटलीनं हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले. "तुमच्यामुळे कॉलेजचे जे पैसे मोकळे झाले, त्यातून आम्ही दुसऱ्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याला मदत करू शकतो. खरंच मोठी गोष्ट आहे ही."

"कोण दुसरा? नाव सांगा."

"तसं नाव सांगता येत नाही."

"आमच्याकडचा आहे का?"

तो नुसताच हसला. वर्नाच्या टाळूपर्यंत आग गेली. "चेक परत द्या माझा. हिच्या आईच्या हातात देते, बघते कोण कापतंय ते!"

"परत देता येईल. पण आता आम्हाला ठाऊक आहे ना. कुणाच्याही हातात दिलेत तरी आम्हाला तो हिशोबात धरावाच लागेल." मग त्यानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. बिचारा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. "हे बघा, आजीनं नातीच्या हातात काही ठेवलं, तर आम्ही काही विचारायला जात नाही. पण संस्थेचा चेक, तोही थेट कॉलेजच्या नावाने आला, की आमचे हात बांधलेले."

जनीननं वर्नाकडे बघितलं नाही. बघितलं असतं, दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण ती खिडकीबाहेरच्या हिरवळीकडेच बघत राहिली.

उठताना व्हिटली म्हणाला, "हो, एक राहिलंच. एवढ्या रकमेवर देणगीदारांच्या भिंतीवर नाव लागतं. पितळी पाटी. रोनाल्ड सबोल असंच लिहायचं ना?"

आणि देवा, त्या घटकेला वर्नाला बरं वाटलं. रॉनीचं नाव, नीट लिहिलेलं, कॉलेजात. जिथं तो जाणार होता तसल्याच भिंतीवर. तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. निघाल्यावर तिला कळलं की ते जनीननं ऐकलंय, डार्सीनंही ऐकलंय.

गाडीत डार्सी म्हणाली, "मी नाही जात. मी गोदामात काम करेन, पार्सलं बांधेन."

"गप्प बस," जनीन म्हणाली. "जाणारेस तू. आईबापांसाठी कर्ज असतं म्हणे, ते मी काढते. रविवारच्या पाळ्याही घेते."

"व्याज बघितलंस का त्याचं, मम्मी?"

"गप्प बस म्हटलं ना!" बराच रस्ता गेल्यावर ती वर्नाला म्हणाली, "तेता, बायकांना सांगू नकोस. स्टेलाचे हात बघितलेस ना? कळलं तर मरेल ती."

वर्नानं मान डोलावली.

ऑक्टोबरात पुन्हा चुली पेटल्या. डार्सी कॉलेजात होती. तळघराच्या भिंतीवर पुठ्ठ्याच्या चेकच्या फोटोशेजारी आता दुसरा फोटो होता, कॉलेजनं पाठवलेला: पितळी पाटी, तीवर रॉनीचं नाव. स्टेलानं स्वतः खिळा ठोकला होता. येणारी जाणारी प्रत्येक बाई त्या फोटोला बोट लावून बोट ओठांना लावायची, देवाच्या तसबिरीला लावतात तसं. वर्ना तिकडे पाठ करून मुरड घालत बसायची. कुणाला टोमणा नाही, काही नाही. बायकांना वाटलं, म्हातारी झाली.

एका गुरुवारी सकाळी जनीन आली. रात्रपाळी करून थेट, आश्रमाच्या गणवेशात, डोळे सुजलेले. एक डझन मागितली आणि कॉफीच्या डब्यात वीसची नोट टाकली.

"सुटे घे की," स्टेला म्हणाली.

"राहू दे. रॉनीसाठी."

"बघा गं!" स्टेला सगळ्यांना ओरडून म्हणाली. "याला म्हणतात जाण! आपण हिच्या लेकीला शिकवलं, विसरली नाही ती. नाहीतर तो मोहोर्काचा ट्रकवाला!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. जनीन हसली. ओठ हसले, बाकी चेहऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. "खरंच उपकार आहेत तुमचे," ती म्हणाली.

हे मात्र वर्नाला सोसलं नाही. ती उठली, तसेच पिठाचे हात, डबा उचलला आणि जनीनच्या पुढ्यात टेबलावर पालथा केला. नोटा मैद्यात पडल्या.

"उचल."

"तेता, नको."

"उचल म्हणते ना! आपण कुणाला शिकवलेलं नाही," वर्ना बायकांकडे वळून म्हणाली. "एक दमडी पोचली नाही डार्सीला. आपण जेवढे दिले तेवढे कॉलेजनं स्वतःचे काढून घेतले. हिनं कर्ज काढलंय. रात्रपाळी करून ते फेडतेय आणि वर आपल्या डब्यात पैसे टाकतेय, का, तर आपलं मन मोडू नये!"

लाटणाऱ्या बाईनं लाटणं खाली ठेवलं. स्टेला स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे."

"सामन्यांना थंडीत उभ्या राहिलो ते पण?"

"ते पण."

"आईच्या हातात दिले असते तर?"

"तर मिळाले असते. कॉलेजच्या माणसानंच सांगितलं."

स्टेलानं मान वर केली. चेष्टा नव्हती, रागही नव्हता त्या डोळ्यांत. "हिनं मागितले होते, वर्ना. इथंच उभी राहून. मी हसले आणि तू नाही म्हणालीस."

"हो," वर्ना म्हणाली.

जनीन नोटा गोळा करून परत डब्यात भरायला लागली. वर्नानं तिचं मनगट धरलं, नोटांसकट मूठ मिटवली आणि मिटलेली मूठ तिच्या गणवेशाच्या खिशात कोंबली. जनीन तिथंच, लाटणाऱ्या बाईच्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली. पिरोहीचा डझन तिच्या मांडीवर गार होत होता.

शेवटी स्टेला उठली. भिंतीवरून पुठ्ठ्याच्या चेकचा फोटो उतरवला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग पाटीच्या फोटोला हात घातला आणि थांबली.

"आणि हा, वर्ना? हा रॉनी आहे."

वर्नानं त्या पितळी अक्षरांकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"काढ," ती म्हणाली. "कॉलेजसाठी फुकट राबतोय तो. खाणीत राबायचा तेव्हा त्याला पगार तरी मिळायचा."