केसाला टांगलेली काडी

"उतरली! काडी खाली उतरली!"

लाँड्रीच्या काउंटरपलीकडची गर्दी दचकून मागे सरली. कपडे न्यायला आलेले लोक कपडे विसरूनच गेले होते. इस्त्रीच्या टेबलावर एक लाकडी चौकट उभी होती. तिच्यात टाचणीवर अडकवलेली आडवी काडी, आणि तिच्या मोकळ्या टोकाला आधार फक्त एका लांब केसाचा. केस लाँड्रीवाल्यांच्या नव्या सुनेचा. केसावरून अंगातलं भूत ओळखणारी केशमाता त्या केसाला जवळजवळ ओठ टेकवून घुमत होती, "हाऽऽ... आहेस का रे? हाऽऽ..." आणि कुणीही हात न लावता काडीचं टोक खाली झुकत होतं.

"होय म्हणतंय!" केशमातेनं डोळे फिरवले. "माहेरी हिचे केस सरळसोट. इथं आली आणि फुलले. का फुलले? आतल्याला ऐसपैस बिऱ्हाड हवंय! इस्त्री तापवा. केस मुळापासून दाबत या. किंचाळली तर हात थांबवू नका, ती नाही, ते किंचाळतंय."

शाळेतून नुकतीच परतलेली घरची लेक दारातच थिजली. ती विज्ञान शिकवायची, म्हणून घरात तिला कुणी मोजत नसे. केशमातेला बोलावू नका म्हणून कालच तिनं आईशी कडाक्याचं भांडण केलं होतं, काडीचा उपयोग झाला नव्हता. आणि आता दोन शेजारणींनी वहिनीचे खांदे धरून तिचं डोकं टेबलावर दाबलं होतं. दादानं सवयीनं ओलं बोट इस्त्रीला लावून पाहिलं. चर्र झालं.

"वन्सं..." वहिनी एवढंच म्हणाली.

आरडाओरडा केला तर बाहेर काढतील आणि दार लावून घेतील, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

"थांब दादा," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "घरात आणखी कुणात शिरलंय का, ते नको पाहायला? आईचा केस लावू या."

"ते एकाच अंगात असतं," केशमाता घाईनं म्हणाली.

"मग काडी हलणार नाही. घाबरता कशाला?"

"लावा, लावा!" गर्दीला तमाशा हवाच होता.

लेकीनं आईचा केस साबणानं धुतला, कोरडा केला, काडीला बांधला. प्रश्न नाही, मंत्र नाही, नुसता जवळून श्वास सोडला, "हाऽऽ." काडी उतरली.

आई पांढरीफटक पडली.

"अगं बाई, तुझ्यातही बिऱ्हाड? ये, टेकव डोकं," लेक म्हणाली.

"सगळ्या घरालाच लागलंय!" केशमाता ओरडली.

"बरं, आता तोंडच नको." लेकीनं ओला रुमाल केसाजवळ धरला. काडी खाली. मग दादाच्या हातातली इस्त्री घेऊन तिची धग लांबूनच दाखवली. काडी वर. पुन्हा रुमाल, पुन्हा खाली.

"केस ओलावा पितो आणि लांबतो, सुकला की आखडतो. श्वासात ओलावा असतो, म्हणून हिचं हाऽऽ हाऽऽ! वहिनी दिवसभर आपल्या बॉयलरच्या वाफेत उभी असते. केस फुलणार नाहीत तर काय? अरे, वाफेनं कापडाचं काय होतं ते तुम्हाला झोपेतही सांगता येईल! मग केसांचंच कसं सुचलं नाही? धुतल्यावर खसाखसा पुसू नका, ओले असतानाच थोडं तेल चोळा, रुंद दातांचा कंगवा फिरवा, वाफेत जाताना रुमाल बांधा. संपलं औषध."

केशमाता चौकट काखोटीला मारून सटकत होती. मघाशी खांदे दाबणाऱ्या शेजारणींनीच तिची वाट अडवली.

"काडी हलली, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं," लेक म्हणाली. "का हलली, हे एकानं तरी विचारायचं होतं. यापुढे विचारा. हात जोडते, आधी विचारा."

वहिनी उठून बसली. तिच्या गालावर टेबलाच्या चादरीचे वळ उमटले होते. सासू जवळ आली, पण तिला हात लावायचा धीर होईना.

"आम्ही घाबरलो होतो गं, पोरी."

"मीही घाबरले होते, आई," सून म्हणाली. "पण इस्त्री तुमच्या हातात होती."